बाल्साचा पंख बांधताना: १२०० मिमीचा, हलका आणि बिनपिळाचा

मॉडेल विमानाचा पंख कुठे बिघडतो, तर तो पिळात. वजन वीस ग्रॅम जास्त झाले तरी विमान उडते, रिबची, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळकुटाची, उंची अर्धा मिलिमीटर चुकली तरी उडते. पण उजवा पंख एकीकडे आणि डावा दुसरीकडे पिळलेला असेल तर हातातून सुटल्यापासून ते एका बाजूला कलंडत जाते आणि रेडिओवरचे ट्रिम (बारीक दुरुस्तीची बटणे) कितीही फिरवले तरी सरळ होत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे शब्दशः लागू आहे. लाकडात बसलेला पीळ नंतर काढणे फार अवघड असते, म्हणून तो बसूच द्यायचा नाही. खालची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

इथे घेतलेला पंख शिकाऊ विमानाचा आहे. एकूण लांबी १२०० मिमी, रुंदी सगळीकडे सारखी २०० मिमी, छेदाचा आकार ‘क्लार्क वाय’ नावाचा, दोन्ही बाजूंना ५ अंश डायहेड्रल (पंखाची टोके वर उचललेली असतात तो कोन), एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत. क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होते. पूर्ण विमान ७०० ग्रॅमचे झाले तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर २९ ग्रॅमच्या आसपास भार येतो. हे विमान संथ उडते आणि चूक सुधारायला वेळ देते. क्लार्क वाय घ्यायचे कारण असे की त्याची खालची बाजू पुढच्या ३० टक्क्यांनंतर सपाट असते. सपाट बाजू फळीवर टेकते आणि फळी सरळ असेल तर पंखही सरळ होतो.

लाकूड: वजनकाट्यावर निवडा

बाल्सा म्हणजे अतिशय हलके लाकूड. तो मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. एकाच झाडाच्या लाकडात इतका फरक असतो की दोन सारख्या दिसणाऱ्या शीटचे वजन दुपटीने वेगळे निघू शकते. सोलापुरात बसून बाल्सा बहुतेक ऑनलाइन मागवावा लागतो, म्हणजे हातात घेऊन निवडायची सोय नाही. पार्सल आले की स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा आणि प्रत्येक शीटवर पेन्सिलीने वजन लिहा.

९१५ × १०० मिमीच्या शीटसाठी हे आकडे धरा. रिबसाठी २ मिमी जाडीची शीट १८ ते २२ ग्रॅम. वरच्या आवरणासाठी दीड मिमीची शीट १४ ते १७ ग्रॅम. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्ट्यांसाठी, ६ मिमीची शीट ९० ते ११० ग्रॅम, म्हणजे कडक. लीडिंग एज (पंखाची पुढची कड) आणि ट्रेलिंग एज (मागची कड) यांसाठी ६ मिमीचीच, पण ७० ते ८० ग्रॅमची मध्यम शीट. कडक शीट रिबला वापरली तर उगाच वजन वाढते. हलकी शीट स्पारला वापरली तर पंख हवेत दुमडतो.

वजनाइतकीच लाकडाची रेषाही पाहायची. काही शीटवर माशाच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसतात. ही शीट रुंदीतून वाकवायला गेले की ताठ राहते आणि कडेने तुटते. ती रिबसाठी उत्तम, पण आवरणासाठी कामाची नाही. जिच्यावर लांब सरळ रेषा आहेत आणि जी दोन बोटांत नळीसारखी सहज वळते, ती आवरणासाठी ठेवा.

एकूण लागेल ते असे: २ मिमीच्या दोन शीट, ३ मिमीचा हातभर तुकडा, दीड मिमीच्या दोन, ६ मिमीच्या दोन, आणि जोडासाठी ३ मिमी बर्च प्लायचा २५० × ५० मिमीचा तुकडा. सुताराकडचा साधा कमर्शियल प्लाय इथे चालत नाही. त्याचे थर जाड आणि पोकळ असतात आणि नेमक्या जोडावरच तो फाटतो.

फळी आणि गोंद

जुन्या घरांतली शहाबादी फरशी सपाट वाटते, पण तिच्यावर लोखंडी पट्टी उभी धरून खालून उजेड पाहा. दोन-तीन मिलिमीटरचे खड्डे हमखास दिसतील. पॉलिश केलेल्या कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा बरा. त्यावर १२ मिमी जाडीचा सॉफ्टबोर्ड ठेवा, म्हणजे टाचण्या टोचता येतात. बोर्डावर पूर्ण मापाचा नकाशा आणि नकाशावर पातळ पॉलिथीन. पॉलिथीन विसरलात तर पंख नकाशाला चिकटेल.

गोंद तीन प्रकारचे. रिब-स्पारच्या जोडांना फेव्हिकॉल, कारण तो सावकाश सुकतो आणि रिब गुण्यात लावायला वेळ मिळतो. वेब (वरचा आणि खालचा स्पार जोडणारे उभे तुकडे) आणि किरकोळ जोडांना फेव्हिक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट. मधल्या जोडाला अ‍ॅराल्डाइट, तोही सावकाश बसणारा.

सोलापूरच्या हवेचा यात मोठा वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवा कोरडी. पंख्याखाली फेव्हिकॉलवर काही मिनिटांत साय धरते. वरून जोड लागल्यासारखा दिसतो, पण लाकडात गोंद शिरलेलाच नसतो आणि रिब नखाने निघून येते. म्हणून पंखा बंद ठेवा, काम सकाळी लवकर करा आणि एका वेळी एकाच रिबला गोंद लावा. सायनोचे नेमके उलटे. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे कोरड्या दुपारी रेंगाळतो. जोडाची एक बाजू ओल्या कापडाने जेमतेम पुसून घेतली तर लगेच धरतो. पावसाळ्यात शीट ओलावा ओढून घेतात. एक पंख जूनमध्ये आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये बांधू नका, दोघांचे वागणे वेगळे होते.

रिब: वीस एकत्र कापायच्या

अर्ध्या पंखाची लांबी ६०० मिमी, रिबमधले अंतर ६० मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला ११ रिब. त्यातली मुळाशी, म्हणजे मधल्या जोडाकडे, असलेली रिब ३ मिमीची, बाकीच्या १० रिब २ मिमीच्या. दोन्ही बाजू मिळून २ मिमीच्या २० रिब होतात. एका शीटमधून १७५ × २४ मिमीचे बरोबर २० तुकडे निघतात, रुंदीत चार आणि लांबीत पाच. दुसरी शीट वेब, ठोकळे आणि चुकांसाठी.

क्लार्क वायची वरची रेघ २०० मिमी रुंदीसाठी अशी येते. पुढच्या टोकापासून १० मिमीवर सपाट तळापासून उंची १५.८, २० वर १९.२, ४० वर २२.७, ६० वर २३.४, ८० वर २२.८, १०० वर २१.०, १२० वर १८.३, १४० वर १४.७, १६० वर १०.४ आणि १८० वर ५.६ मिमी. खालची रेघ १० मिमीवर १.९ आणि २० वर ०.८ मिमी उचललेली असते. ६० पासून मागे ती शून्य. पंखाचे पुढचे टोक तळापासून ७ मिमी उंच असते. हे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून लवचीक पट्टीने जोडा.

आता या रेघेतून वजावट. वर दीड मिमीचे आवरण आणि कॅपस्ट्रिप (रिबच्या माथ्यावरची पातळ पट्टी) बसणार, म्हणून वरची पूर्ण रेघ दीड मिमी खाली घ्या. पुढे ६ मिमी लीडिंग एजसाठी सोडा. मागे ट्रेलिंग एज २५ मिमीची आहे, पण रिब तिच्यात २ मिमी शिरते. त्यामुळे रिबची लांबी ६ ते १७७, म्हणजे १७१ मिमी. मागच्या टोकाची उंची साडेचार मिमीवर आणा, म्हणजे कॅपस्ट्रिपसह ती ६ मिमीच्या ट्रेलिंग एजशी जुळेल. मूळ आकारापासून इथे एखादा मिलिमीटर ढळतो. या वेगाला त्याने काही फरक पडत नाही, मात्र जोड गुळगुळीत होतो.

साचा सनमायकाचा करा. सुताराच्या दुकानात हाताएवढे तुकडे पडलेले असतात. दोन एकसारखे साचे कापा आणि दोन्ही एकत्र धरून घासा. मग त्यांच्यामध्ये बाल्साचे वीस तुकडे ठेवून ३ मिमीच्या दोन बोल्टने आवळा. फार आवळलेत तर बाल्सा दबतो आणि सोडल्यावर रिब फुगतात, म्हणून बोटाने फिरेल इतकेच. आधी कटरने कडा उतरवा, मग लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासा, शेवटी १८०. पेपर सनमायकावर कुरकुरायला लागला की थांबा.

स्पारच्या खाचा पुढच्या टोकापासून ५७ ते ६३ मिमीवर, वर आणि खाली, ६ मिमी खोल. खाच हॅक्सॉच्या पात्याने गठ्ठ्यातच कापा आणि स्पारचाच तुकडा घालून पाहत राहा. स्पार अंगठ्याच्या दाबाने बसायला हवा. ठोकावा लागला तर रिब चिरते, आणि सैल पडला तर ती फट गोंदाने भरावी लागते, जी वजनालाही वाईट आणि ताकदीलाही. ३ मिमीच्या दोन रिब त्याच साच्यात वेगळ्या करा.

फळीवरची बांधणी

१. कडक शीटमधून ६ × ६ मिमीच्या चार पट्ट्या, प्रत्येकी ६०० लांब. पट्टी एका टोकाला धरून डोळ्यासमोर आणा आणि बाक कुठे आहे ते पाहा. प्रत्येक जोडीतले बाक समोरासमोर येतील अशा पट्ट्या वाटा.

२. खालचा स्पार नकाशावर ठेवा. टाचण्या लाकडातून नाही, दोन्ही बाजूंनी तिरप्या टोचा. स्पारमध्ये टोचलेली टाचणी म्हणजे त्याच जागी मोडायची खूण.

३. ट्रेलिंग एज २५ × ६, मागे धारेला निमुळती. पुढच्या कडेला दर ६० मिमीवर २ मिमी खोल खाच. तीही टाचण्यांनी बसवा.

४. रिब लावा, प्रत्येक रिब छोट्या गुण्याने उभी तपासा. मुळाची रिब मात्र सरळ उभी नसते. तिचे वरचे टोक पंखाच्या टोकाकडे ५ अंश कललेले हवे. २३ मिमी उंचीला तो कल २ मिमी येतो. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्याला टेकवून लावा.

५. लीडिंग एज ६ × १० मिमी. तिच्याखाली रिबच्याच शीटचे २ मिमीचे तुकडे द्या, कारण पंखाचे नाक फळीपासून वर असते. तुकडे न देता ती थेट फळीवर टेकवणे ही पहिल्या पंखात हमखास होणारी चूक आहे.

६. वरचा स्पार. मग रात्रभर हात लावू नका.

७. वेब. इथे घाई करू नये. पंख वर उचलला जातो तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाबलेली बारीक पट्टी बाजूला फुगून मोडते. दोन्ही स्पार एकमेकांना बांधून ठेवते ती वेब. २ मिमीचे ५८ मिमी रुंद आणि २२ मिमी उंच तुकडे कापून स्पारच्या पुढच्या तोंडावर, रिबच्या मधल्या जागांत चिकटवा. मुळाशी रिब जाड आणि कललेली आहे, तिथला पहिला तुकडा मोजून कापा. लाकडाची रेषा उभी हवी. रेषा आडवी ठेवली तर वेब कागदासारखी चिरते आणि असून नसल्यासारखी होते. मुळापासून सहा खण पुरेसे आहेत, टोकाकडे भार कमी असतो.

दुसरा पंख बांधताना नकाशा उलटा करायचा. कागदाला मागून थोडे खोबरेल पुसले की रेघा दुसऱ्या बाजूने स्पष्ट दिसतात. ही पायरी विसरून दोन डावे पंख तयार होणे हे नवीन नाही. फळीवर ‘डावा’, ‘उजवा’ आणि ‘मूळ’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मधला जोड

प्लायमधून उथळ ‘व्ही’ आकाराची पट्टी कापा. उंची २२ मिमी, दोन्ही बाजूंना १२० मिमी, दोन्ही पात्यांमधला कोन १७० अंश. ती स्पारच्या मागच्या तोंडाला बसते, म्हणून मुळाची आणि तिच्या शेजारची रिब तिथे ३ मिमी रुंदीने कापावी लागते.

एक अर्धा भाग फळीवर सपाट दाबून ठेवा. दुसऱ्याचे टोक १०४ मिमी उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. ५ आणि ५ मिळून १० अंश आणि ६०० मिमी लांबी, यावरून हा आकडा येतो. गोंद न लावता आधी जुळवा. मुळाच्या दोन रिब वरपासून खालपर्यंत चिकटून बसल्या पाहिजेत. फट असेल तर रिब घासा, अ‍ॅराल्डाइटने भरू नका. जुळले की प्लायच्या दोन्ही पात्यांना आणि रिबच्या तोंडाला गोंद लावून कपड्याच्या चिमट्यांनी धरा आणि पूर्ण दिवस सोडा. वरून पाहताना दोन्ही ट्रेलिंग एज एकाच रेषेत दिसायला हव्यात. इथे चुकलेला कोन म्हणजे आयुष्यभराचा पीळ.

आवरण: पीळ इथे बसतो किंवा जातो

वरचे आवरण लागेपर्यंत पंख हाताने पिळता येतो. ते लागले आणि सुकले की तो त्या वेळी ज्या आकारात होता तसाच राहतो. म्हणून आवरण नेहमी फळीवर, एका वेळी एक बाजू.

इथे मुद्दाम थोडा पीळ द्यायचा असतो, पण दोन्ही बाजूंना मोजून सारखा. पंखाच्या टोकाशी ट्रेलिंग एजखाली ५ मिमीचा तुकडा ठेवा, मुळाकडे तो शून्यावर आणा. त्यामुळे टोकाचा हवेशी कोन कमी राहतो. वेग कमी झाला की मधला भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल सुटते, आणि विमान एका बाजूला कोसळत नाही.

दीड मिमीची ६०० × ६६ मिमीची पट्टी कापा. तिची बाहेरची बाजू, फक्त बाहेरचीच, ओली करायची आहे. पाणी शिंपडले तर डाग डाग भिजते. सोलापुरी टॉवेल भिजवून घट्ट पिळा, त्यावर पट्टी पालथी ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. टॉवेलचे उभे धागे सारखा ओलावा देतात आणि पट्टी आपणहून कमानीसारखी वळायला लागते. मग लीडिंग एज, रिब आणि स्पारच्या पुढच्या अर्ध्या रुंदीवर फेव्हिकॉलची पातळ रेघ ओढा आणि पट्टी स्पारवरून पुढे दाबत न्या.

दाबायला टाचण्या अपुऱ्या पडतात, दोन टाचण्यांमध्ये लाकूड उचलले जाते. त्यापेक्षा अर्धा-अर्धा किलो ज्वारीच्या कापडी पिशव्या शिवून घ्या. ज्वारीचा दाणा गोल आणि घसरता, त्यामुळे पिशवी पंखाच्या वळणावर हातासारखी बसते आणि सगळीकडे सारखा दाब देते. विटा किंवा पुस्तके एकाच बिंदूवर दाबून रिब मोडतात. पिशव्या २४ तास ठेवा. आवरण ओले असताना फळीवरून काढलेला पंख सुकताना स्वतःच्या मर्जीने पिळतो.

मग स्पारच्या मागच्या अर्ध्यापासून ट्रेलिंग एजपर्यंत प्रत्येक रिबवर ६ मिमी रुंद आणि ११५ मिमी लांब कॅपस्ट्रिप. त्यांनी रिब इंग्रजी ‘टी’सारखी होते आणि पंखावर शेवटी ताणायची प्लॅस्टिकची फिल्म चिकटायला जागा मिळते. मधल्या दोन खणांत पूर्ण आवरण द्या, तिथे रबर बँड दाबतात.

टोकांना हलक्या बाल्साचे ठोकळे लावा. लीडिंग एज पुठ्ठ्याच्या साच्याने गोल करा. नाक टोकदार ठेवू नका, संथ विमान अचानक स्टॉल होते. आता वजन करा. उघडा पंख १०० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. १३० च्या पुढे गेला तर बहुधा जोडांतून ओघळलेला गोंद कारण आहे.

फिल्म

इस्त्रीने लावायची फिल्म असेल तर आधी फालतू लाकडावर इस्त्रीची उष्णता ठरवा. आधी पंखाची खालची बाजू, मग वरची, पण फक्त कडा चिकटवा. कडा पूर्ण झाल्यावरच आकसवा. एकच बाजू पूर्ण ताणली तर पंख तिकडे पिळतो. आकसवताना टोकाखाली तोच ५ मिमीचा तुकडा ठेवून पंख फळीवर धरा. वरचे आवरण आणि वेब मिळून पुढचा भाग बंद नळीसारखा होत नाही. खालची बाजू फिल्मच बंद करते, त्यामुळे पिळाला विरोध करण्यात तिचाही वाटा आहे.

रंग फिकट घ्या. काळी किंवा गडद निळी फिल्म इथल्या उन्हात तापून सैल पडते आणि तिच्याबरोबर पंखाचा आकारही ढिला होतो. दुपारी बंद गाडीच्या मागच्या काचेखाली पंख ठेवू नका.

पीळ राहिलाच तर दुसऱ्या माणसाने पंख उलट दिशेने, हवा त्यापेक्षा थोडा जास्त, पिळून धरावा. तुम्ही फिल्म पुन्हा तापवा आणि गार होईपर्यंत सोडू नका. एक-दोन अंशांचा पीळ असा निघतो. त्याहून जास्त असेल तर फिल्म काढून आवरण तपासावे लागते.

भाराची चाचणी

पंखाची दोन्ही टोके स्पारखाली उशीसारखा मऊ आधार देऊन दोन खुर्च्यांवर टेकवा. मधोमध ज्वारीच्या पिशव्या ठेवत जा. ७०० ग्रॅम ठेवले की मुळाशी येणारा ताण सरळ उड्डाणाच्या दुप्पट असतो. भार मधोमध आणि आधार टोकांना असल्यामुळे असे होते. १४०० ग्रॅमला तो चौपट होतो, आणि शिकाऊ विमानाच्या वळणांना, सुळकीतून वर काढायला तेवढे बळ पुरते. पंख दोन्हीकडे सारखा वाकायला हवा. एका बाजूने कर्र असा आवाज आला तर तिथली वेब सुटली आहे. फिल्म चिरून ती जागा उघडा, सायनो टाका, दुसरी वेब मागच्या तोंडाला लावा आणि पिशव्या पुन्हा ठेवा.